एकच वाचन शिल्लक

तृप्ती पालांडे कऱ्हाडच्या अभिलेख केंद्रात नऊ वर्षं काम करत होती, आणि या नऊ वर्षांत तिनं तिथं कोणालाही नवऱ्याचं नाव सांगितलं नव्हतं. हजेरीला माहेरचंच आडनाव होतं. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "मोटारींचं रिवाइंडिंग करतात घरी." ते खरंही होतं. मंदार चाळके शेतकऱ्यांच्या जळालेल्या पंपांमध्ये नवी तार भरून द्यायचा. त्याआधी तो घाटाखाली, चिपळूणच्या बाजूला एका रसायन कारखान्यात नियंत्रण कक्षाचा शिफ्ट इंजिनिअर होता. २०३५च्या जुलैत तिथं क्लोरीन सुटला आणि सात माणसं गेली. सायरन वेळेत वाजवला नाही म्हणून मंदारला शिक्षा झाली. दोन वर्षं आत काढून तो जामिनावर सुटला. अपील उच्च न्यायालयात पडून होतं.

"दोन एक्केचाळीसला मी बटण दाबलं," हे वाक्य तो साडेदहा वर्षं सांगत होता. कारखान्याची लेखी नोंद म्हणत होती, सायरन दोन पन्नासला वाजला. खरं काय ते कक्षातल्या नोंदयंत्राला माहीत होतं. प्रत्येक मीटर, प्रत्येक बटण, फोनवरचं प्रत्येक बोलणं त्यात उतरलेलं होतं. पण त्यात आपल्या प्रक्रियेची गुपितं आहेत असं म्हणत कारखान्यानं ते उघडायला वर्षानुवर्षं हरकत घेतली. शेवटी ती फेटाळली गेली. एप्रिलच्या चौदा तारखेला, न्यायालयाच्या अधिकाऱ्यासमोर ती नोंद वाचली जाणार होती.

आणि ती नोंद होती तृप्तीच्याच केंद्रात. ती रुजू झाली तेव्हा तिला हे ठाऊक नव्हतं. तिसऱ्या महिन्यात एका यादीत खटल्याचा क्रमांक दिसला. तेव्हाच सांगायला हवं होतं. तिनं सांगितलं नाही. मंदार तेव्हा आत होता आणि घर तिच्या पगारावर चाललं होतं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी, मंदारच्या खटल्याची नोंद ज्या काचेच्या कुपीत बंद होती तिच्याबद्दल न्यायालयाचं पत्र आलं: सदर कुपी सुस्थितीत असल्याचं कळवावं. तृप्तीनं साठवणीचं सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर केंद्राचा नकाशा आला, रांगा, कपाटं, पेट्या, सगळं हिरवं. हिरवं म्हणजे ठीक. एवढं बघून कुणीही 'सुस्थितीत' असं लिहून मोकळं झालं असतं. पण एकेका कुपीचा तपशील हवा असला की ती नेहमी सॉफ्टवेअरच्या आतली कमांड विंडो उघडायची. केंद्रात सगळे तिला काळी खिडकी म्हणत. तिथं चित्रं नव्हती, बटणं नव्हती. काळ्या चौकोनात आपण शब्द टाइप करायचे आणि यंत्र शब्दांतच उत्तर देणार. बाकीच्यांना तो त्रास वाटे. तृप्तीला मात्र ते थेट माणसाशी बोलल्यासारखं वाटायचं.

तिनं पेटीचा क्रमांक टाकला, पुढं कुपीचा. एक ओळ उमटली.

वाचनं एकूण चाळीस. झालेली एकोणचाळीस. शिल्लक एक. पुढची तपासणी गुरुवार, दुपारी बारा.

ती ओळ तिनं दोनदा वाचली, मग खुर्ची मागं सरकवली.

तिला जे कळलं ते समजून घ्यायचं तर या केंद्रात माहिती कशी ठेवतात ते सांगायला हवं. हार्ड डिस्क पाच-दहा वर्षांत दगा देते. म्हणून जे शतकानुशतकं टिकायला हवं ते आता डीएनएच्या रूपात ठेवतात. सजीवाच्या पेशीत जो रेणू असतो तसाच, पण प्रयोगशाळेत बनवलेला. त्याच्या साखळीत चार प्रकारचे दुवे असतात. संगणकाची शून्यं आणि एक या चार दुव्यांच्या क्रमात लिहून काढायचे, साखळ्या वाळवायच्या आणि बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या कुपीत बंद करायच्या. एका कुपीत एक अख्खं ग्रंथालय मावतं. थंड आणि कोरड्या जागी ते हजार वर्षं टिकेल.

अडचण एकच. वाचायचं म्हणजे कुपीतला थोडा माल काढून यंत्रात घालायचा, आणि काढलेला माल परत येत नाही. साध्या कुप्यांतला माल कमी झाला की त्याच्या नव्या प्रती वाढवून घेतात. पुराव्याच्या मोहोरबंद कुप्यांना ती मुभा नाही. संगणकातली फाइल कुणीही बदलू शकतो, प्रत काढताना चूक होऊ शकते. म्हणून कायदा फक्त मूळ कुपी मानतो, आणि तीही न्यायालयाच्या माणसासमोर वाचली तरच. चाळीस वाचनं पुरेल एवढा माल घालून ती कायमची बंद होते.

आता ही एकोणचाळीस वाचनं कुणी केली? कुणीच नाही. सॉफ्टवेअरनंच केली. माहिती शाबूत आहे ना हे बघायला ते प्रत्येक कुपी ठरावीक काळानं चाखून बघायचं, जुळणी करायचं आणि वाचलेलं टाकून द्यायचं. आधी वर्षातून एकदा. एकतीस महिन्यांपूर्वी नवी आवृत्ती आली आणि तपासणी दर महिन्याला होऊ लागली. आठ आणि एकतीस. मोहोरबंद कुप्या पुन्हा भरता येत नाहीत ही गोष्ट नवी आवृत्ती बनवणाऱ्या कुणी लक्षातच घेतली नव्हती.

तृप्तीनं त्या पेटीतल्या चौदाही कुप्यांची यादी मागवली. तीन कुप्यांपुढं शिल्लक शून्य होतं. पडद्यावर त्याही हिरव्याच होत्या, कारण शेवटच्या तपासणीत त्या उत्तीर्ण झाल्या होत्या. त्या तपासणीनंच त्या संपल्या होत्या.

तपासणी थांबवायची तर काळ्या खिडकीत एका ओळीचं काम होतं. हात कीबोर्डवर गेलाही. पण त्या खिडकीत टाइप केलेलं प्रत्येक अक्षर, कुणी आणि कधी केलं यासकट, कायमचं नोंदलं जातं. आरोपीच्या बायकोनं पुराव्याच्या कुपीबाबत दिलेली आज्ञा. कारखान्याच्या वकिलाला आणखी काय हवं होतं? कुपीत काहीही निघालं तरी तो म्हणणार, हिनं हात लावलाय.

आणि हात लावला नाही तर गुरुवारी बारा वाजता कुपी रिकामी.

केंद्राचे प्रमुख समीर कुंभोजकर भले गृहस्थ होते, पण सही करायची वेळ आली की त्यांचा हात जड व्हायचा. तृप्तीनं यादीचा कागद त्यांच्यापुढं ठेवला.

"सर, पेटी चौदा. तीन कुप्या संपल्यात. बाकीच्या काठावर आहेत."

त्यांनी कागद बघितला, मग पडदा बघितला. "हिरवं दिसतंय की."

"पडदा फक्त पास-नापास दाखवतो. शिल्लक किती ते काळ्या खिडकीतच दिसतं."

"म्हणजे तीन खटल्यांचा पुरावा..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. चष्मा काढून पुसला. "पालांडे, हे बाहेर कुठं बोललात?"

"नाही."

"नका बोलू. मी सॉफ्टवेअरवाल्यांना लिहितो. पुढच्या सोमवारपर्यंत उत्तर येईल."

"तपासणी गुरुवारी आहे, सर. निदान ती थांबवू."

"थांबवली की वर कळणार. का थांबवली विचारणार. त्यांचं लेखी उत्तर हातात नसताना मी काय सांगू? एका महिन्याच्या तपासणीनं असं काय होतंय?"

एका कुपीचं सगळं होतंय, असं तिच्या ओठांवर आलं. मग त्यांनी विचारलं असतं, कुठल्या कुपीचं, आणि तुम्हाला का? ती कागद उचलून बाहेर आली.

संध्याकाळी मंदार पडवीत एका पंपाच्या गाभ्यात तांब्याची तार भरत बसला होता. तिनं सगळं सांगितलं. तो तार भरायचा थांबला नाही, फक्त वेग कमी झाला.

"एक ओळ टाइप करायची आहे ना?"

"हो."

"मग कर."

"मी केली तर पुरावा बाद होईल."

"नाही केलीस तर पुरावाच राहणार नाही." आता त्यानं तार खाली ठेवली. "तृप्ती, दहा वर्षं मी या एका दिवसाची वाट बघतोय. तुझ्या हातात आहे ते."

"माझ्या हातात आहे हाच तर घोळ आहे."

तो तिच्याकडं बघत राहिला. "खरं सांग. त्यात काय निघेल याची तुला भीती वाटतेय ना?"

तिनं उत्तर द्यायला जेवढा वेळ घेतला तेवढा त्याला पुरला. तो उठून हात धुवायला गेला. नळ बराच वेळ चालू होता.

भीती वाटत होती, हे खरंच. खटला चालला तेव्हा साक्षीदारांनी शपथेवर सांगितलं होतं की सायरन उशिरा वाजला. मंदारवर तिचा विश्वास होता, पण त्या दिवसाबद्दल बोलताना तो नेहमी त्याच शब्दांत, तेवढंच बोलायचा. दोन एक्केचाळीस. बटण. त्याच्या पुढं कधी जायचा नाही. तिनंही कधी विचारलं नव्हतं.

मंगळवार विचारात गेला. नियमांची वही चाळताना तिला एक कलम सापडलं. खटल्यातल्या कुठल्याही पक्षानं कुपीबद्दल लेखी अर्ज केला, तर केंद्राला त्याच दिवशी लेखी निर्णय द्यावा लागतो. मंदारनं अर्ज केला तर बायकोनं सांगितलं म्हणून केला, असं होणार. कारखाना करणारच नाही. तिसरा पक्ष होता, मेलेल्यांच्या नातेवाइकांचा. आणि त्यांच्या वतीनं साडेदहा वर्षं प्रत्येक तारखेला कोर्टात हजर असायची ती एकच बाई. रेश्मा घाग. तिचा भाऊ संदेश तिसऱ्या युनिटमध्ये फिटर होता. गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता.

बुधवारी तृप्ती रजा टाकून कुंभार्ली घाट उतरली.

रेश्माची चिपळूणला गाडी शिकवायची शाळा होती. घराच्या अंगणात दोन गाड्या, त्यांवर मागं-पुढं लाल अक्षर. तृप्तीला बघताच तिनं ओळखलं. कोर्टाच्या बाकांवर दोघी इतकी वर्षं समोरासमोर बसल्या होत्या.

"चाळकेची बायको," ती म्हणाली. "इथं काय काम?"

"पाच मिनिटं द्या. मग हाकलून दिलंत तरी चालेल."

रेश्मानं आत बोलावलं नाही. गाडीला टेकून ऐकत राहिली. तृप्तीनं कुपी, तपासणी, आपली नोकरी, लपवलेलं नाव, सगळं एका दमात सांगितलं.

"म्हणजे तुमच्या नवऱ्याला सोडवायला मी अर्ज करू?"

"ते त्याला सोडवेल की अडकवेल, मला माहीत नाही."

"माहीत नाही?" रेश्मा पहिल्यांदा सरळ उभी राहिली. "तुम्ही बायको ना त्याची?"

"म्हणूनच. मी त्या खोलीत नव्हते. तो सांगतो ते मी ऐकत आलेय. तुम्ही कारखाना सांगतो ते ऐकत आलात. उद्या बारानंतर दोघींनाही कधीच कळणार नाही."

अंगणापलीकडच्या खोलीतून म्हातारा आवाज आला, "रेश्मा, कोण आहे गं?"

"कुणी नाही, आई. शिकायला आलीय एक." मग आवाज उतरवून तिनं विचारलं, "त्यात आवाजही असतील? फोनवरचे?"

"असतील."

रेश्मानं मागं वळून आईच्या खोलीकडं बघितलं. नंतर म्हणाली, "अर्जात मी सगळं लिहीन. तुम्ही येऊन सांगितलंत हेही. तुमचं नाव, तुम्ही कोणाच्या कोण आहात, सगळं. मला काही लपवायचं नाही."

"लिहा," तृप्ती म्हणाली. ते म्हणताना आपली नोकरी गेली हे तिला कळलं होतं.

गुरुवारी साडेअकराला रेश्मा अर्ज घेऊन केंद्रात आली. कुंभोजकरांनी अर्ज वाचला. चौथ्या ओळीला त्यांनी मान वर करून तृप्तीकडं बघितलं.

"नऊ वर्षं, पालांडे?"

"हो, सर."

"तुम्ही आता त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

"नाही टाकणार. पण सर, पंचवीस मिनिटं आहेत."

त्यांनी दोन फोन लावले. दोन्हीकडून 'तुमच्या पातळीवर निर्णय घ्या' एवढंच उत्तर मिळालं. भिंतीवरच्या घड्याळात बाराला बारा कमी होते. रेश्मा शांतपणे म्हणाली, "साहेब, नाही म्हणायचं असेल तर तसं लिहून द्या. वेळ घालून सही करा. मी कोर्टात दाखवीन."

कुंभोजकर उठले. काळ्या खिडकीत तृप्तीशिवाय कुणी कधी काम केलं नव्हतं. त्यांनी कुप्या सांभाळणाऱ्या इरफान मुजावरला हाक मारली. नियमाप्रमाणं दोघं लागत. मुजावर छापील पुस्तिका घेऊन आत गेला. जाता जाता तो तृप्तीपाशी थबकला. "ताई, कुठली ओळ?"

"मला विचारू नकोस, इरफान. पुस्तिकेत बघ."

दार बंद झालं. तृप्ती आणि रेश्मा काचेबाहेरच्या बाकावर बसल्या. काचेतून कुप्यांचं दालन दिसत होतं. दालनात रुळावरून फिरणारा यंत्राचा हात, जो तपासणीला एकेक पेटी उघडायचा. त्या खिडकीत 'नक्की का?' असं कुणी विचारत नाही. कुपीचा क्रमांक द्यायचा राहिला, तर आज्ञा भलत्याच पेटीला लागते किंवा कुठंच लागत नाही. तृप्तीला आत जाऊन एवढंच सांगायचं होतं की पेटी आणि कुपीच्या क्रमांकांमधली तिरपी रेघ विसरू नका. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

बारा वाजले. यंत्राचा हात हलला. पहिल्या रांगेतून, दुसऱ्या रांगेतून सरकत आला. पेटी चौदापाशी थांबला. रेश्मानं तृप्तीचं मनगट पकडलं, आपण काय करतोय हे बहुधा तिच्या लक्षातही आलं नसावं. यंत्राचा हात क्षणभर तिथंच होता. मग पेटी न उघडता पुढं गेला.

मुजावर बाहेर आला तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती. "पहिल्यांदा 'अशी कुपी नाही' म्हणालं," तो म्हणाला. "रेघ राहिली होती. दुसऱ्यांदा घेतलं. साहेबांनी उरलेल्या अकराही थांबवल्या."

दुपारी चारला तृप्तीच्या हातात निलंबनाचं पत्र पडलं. कुंभोजकरांनी ते स्वतः आणून दिलं आणि त्याच दिवशी संपलेल्या तीन कुप्यांचा अहवालही वर पाठवला. चूक कबूल करणारं ते त्यांच्या नोकरीतलं पहिलं पत्र असावं.

एप्रिलच्या चौदाला कुपी वाचली गेली. न्यायालयाचा अधिकारी, तिन्ही बाजूंचे वकील, मंदार, रेश्मा. तृप्तीला पक्षकाराची पत्नी म्हणून मागच्या खुर्चीवर बसू दिलं. माल यंत्रात गेला. सहा तासांनी दुव्यांची पुन्हा अक्षरं झाली आणि साडेदहा वर्षांपूर्वीची ती दुपार पडद्यावर ओळीओळीनं उतरली.

साडेअकरा वाजता सायरनची लाइन कार्यालयातून बंद केलेली. बाहेरचे पाहुणे कारखाना बघायला यायचे होते, त्यांच्यासमोर सायरन वाजायला नको होता. दोन एक्केचाळीसला नियंत्रण कक्षात बटण दाबलं. दोन बेचाळीसला पुन्हा. पुन्हा. लाइन बंद. दोन पन्नासला ती कार्यालयातून चालू झाली.

मंदारच्या वकिलानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मंदार पडद्याकडं बघत नव्हता. तो टेबलाकडं बघत होता. तृप्तीला ते विचित्र वाटलं. मग आवाज आले.

दोन त्रेचाळीस. एक तरुण आवाज, थोडा बसलेला. "साहेब, संदेश बोलतोय, तीनमधनं. घशात खवखवतंय सगळ्यांच्या. वर येऊ का?"

आणि मंदारचा आवाज, घाईतला, पण ठाम. "तुमच्याकडचं मीटर शून्य दाखवतंय. थांबा तिथंच. मी बघतो, सांगतो."

फोन ठेवल्याचा आवाज.

तिसरं युनिट खोलगट जागी होतं, आणि क्लोरीन हवेपेक्षा जड. मीटर बिघडलेलं होतं, हे नंतरच्या नोंदींत दिसलं. दोन सेहेचाळीसला फोन पुन्हा वाजला. कक्षात कुणी नव्हतं. मंदार तेव्हा व्हॉल्व्ह बंद करायला धावला होता, तीही नोंद होती. फोन एक्कावन्न सेकंद वाजत राहिला. मग तो थांबला.

वाचन संपलं. कुपीपुढं शून्य आलं.

मंदार निर्दोष सुटणार हे त्या क्षणी सगळ्यांना कळलं, आणि जूनमध्ये तो सुटलाही. कारखान्याच्या दोन अधिकाऱ्यांवर नवा खटला उभा राहिला. वर्तमानपत्रांनी मंदारचा फोटो छापला. शेजारी पेढे मागायला आले. तृप्तीला नोकरीवरून कायमचं काढल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं.

पण वाचनाच्या दिवशी गाडीत, घाट चढताना, तिनं विचारलं होतं, "हे तू कधीच का सांगितलं नाहीस?"

"सगळे सायरनबद्दलच विचारायचे," मंदार म्हणाला.

"मला सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू ते घेऊन माझ्याबरोबर राहिली असतीस. मला ते नको होतं." खूप वळणं गेल्यावर तो पुन्हा म्हणाला, "मीटर शून्यच दाखवत होतं, तृप्ती."

"ऐकलं मी."

ती रागावली नव्हती. रागावता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तो बटणाबद्दल खरं बोलत होता, हे तिला हवं होतं तेवढं मिळालं होतं. आणि तरी त्या दिवसापासून घरात फोन वाजला की दोघंही एकदम उठायचे.

निकालानंतर पंधरा दिवसांनी रेश्माचा निरोप आला. यायचं असेल तर रविवारी या. दोघंही गेले. या वेळी तिनं आत बोलावलं. खाटेवर तिची आई बसली होती, ऐंशीच्या घरातली, डोळ्यांनी अधू.

मंदार दारातच थांबला. "रेश्माताई, मला माफ..."

"ते नको," रेश्मा म्हणाली. "ते माझ्याकडं नाहीये द्यायला. फोनचं आईला सांगा. मी दोन महिने प्रयत्न करतेय, माझ्या तोंडून निघत नाही."

मंदार खाटेजवळ जमिनीवर बसला. मग तो बोलला, पहिल्यांदा त्या ठरलेल्या शब्दांशिवाय. सकाळच्या पाळीपासून. पाहुणे, मीटर, संदेशचा फोन, आपण काय म्हणालो, दुसऱ्यांदा वाजलेला फोन. मध्ये एकदा अडखळला, पण थांबला नाही. तृप्तीही हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होती.

म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ती पदराचं टोक बोटांनी चाचपत होती.

"पावणेतीन म्हणजे..." ती म्हणाली, "जेवला होता का तो?"

मंदारनं तोंड उघडलं. तृप्तीला वाटलं, तो हो म्हणेल. हो म्हणणं किती सोपं होतं.

"माहीत नाही, आई," मंदार म्हणाला. "मी विचारलं नाही."